महाग पेट्रोल आणि माझं एक चुकीचं उत्तर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त दिवाळीनंतर भरवलेल्या ‘आपल्यातलेच तज्ज्ञ’ या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता ‘माझी नोकरी’. मी म्हटलं, माझी नोकरी ऐकायला कोण थांबणार? चौतीस वर्षं विरार लोकल पकडली, दादरला उतरलो, कुर्ल्याला गाडी बदलली, चेंबूरहून बस धरून माहुलला गेलो आणि संध्याकाळी उलटा परत आलो. झाली नोकरी! त्यापेक्षा त्या नोकरीत जे शिकलो आणि आपल्या पार्किंगमधल्या प्रत्येकाच्या खिशाला जे लागू आहे, ते सांगतो. परवा रात्री दहा वाजता खाली जाऊन मोजल्या. त्रेसष्ट दुचाक्या आहेत. २००० साली सोसायटी नोंदवली तेव्हा चार होत्या. दोन स्कूटर, एक राजदूत आणि माझी हिरो होंडा.

तर विषय असा, की पंपावर दोन तऱ्हेचं पेट्रोल मिळतं. एक साधं आणि एक महाग. स्पीड म्हणा, पॉवर ९५ म्हणा, एक्सपी ९५ म्हणा. २०२५ साली लिटरमागे सात-आठ रुपये जास्त. मोटरसायकलवाल्याने ते घ्यावं का?

हा विषय निवडण्याचं एक कारण आहे, ते शेवटी सांगतो. त्यात माझी चूक आहे, म्हणून जरा धीर गोळा करावा लागेल.

माहुलला १९५०च्या दशकात दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. एक एस्सोची, ती आज हिंदुस्थान पेट्रोलियमची. दुसरी बर्मा-शेलची, ती आज भारत पेट्रोलियमची. त्या परिसरातल्या एका लॅबमध्ये मी होतो. लॅब म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या दिसतात. आमच्याकडे त्या होत्याच, पण एका खोलीत एक इंजिन होतं. जमिनीत पक्कं बसवलेलं, एकाच सिलिंडरचं, कुठेही न जाणारं इंजिन. त्याला सीएफआर इंजिन म्हणतात. अमेरिकेत वॉकेशा नावाच्या गावी १९२९च्या सुमारास ते पहिल्यांदा तयार झालं आणि आजही जगभर पेट्रोलचं ऑक्टेन त्याच धर्तीच्या इंजिनावर मोजतात. त्याची गंमत अशी, की ते चालू असताना हँडल फिरवून त्याचं कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येतं.

आता कॉम्प्रेशन म्हणजे काय? पिस्टन खाली जातो, हवा आणि पेट्रोलची वाफ आत येते. पिस्टन वर येतो, ती वाफ दाबली जाते. दहा वाट्यांची जागा एका वाटीत आली, तर कॉम्प्रेशन दहास एक. मग प्लगची ठिणगी पडते, वाफ पेटते, पिस्टनला ढकलते. हे पेटणं कसं हवं? फटाक्यांच्या माळेसारखं. एका टोकाला वात लावली, की एकापाठोपाठ एक, रांगेत. पण वाफ फार दाबली, फार तापली, तर ज्योत पोहोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातली वाफ आपोआप पेट घेते. म्हणजे माळ हातात असताना सगळे फटाके एकदम फुटावेत तसं. मग आतून टकटक, खडखड असा आवाज येतो. आपले मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. ते बराच काळ चाललं तर पिस्टनचं नुकसान होतं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल किती दाब सहन करतं, आपोआप न पेटता किती दम धरतं, त्याचा आकडा. आयसोऑक्टेन नावाचा एक द्रव आहे, त्याला १०० धरलं. हेप्टेन नावाचा दुसरा, त्याला शून्य. पेट्रोल जर ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच दम धरत असेल, तर ते ९१ ऑक्टेनचं. आम्ही काय करायचो, तर इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून नॉकिंग किती होतं ते काट्यावर बघायचो आणि तेवढंच नॉकिंग कोणत्या मिश्रणाने होतं ते ताडून आकडा लिहायचो. चौतीस वर्षांत असे आकडे किती लिहिले असतील, देव जाणे.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ९५ ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये ९१च्या लिटरपेक्षा जास्त आग भरलेली नसते. ते फक्त दाबाखाली दम धरतं. ज्या इंजिनात तेवढा दाबच नाही, तिथे तो दम वापरलाच जात नाही.

जुन्या माणसांना एक आठवण देतो. आपल्या वाड्यांमध्ये विहिरीवर रॉकेलची इंजिनं असायची. सुरू करायची पेट्रोलवर, तापली की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायची. माझे वडील पहाटे केळीला पाणी सोडायचे तेव्हा कॉक फिरवायचं काम माझं. रॉकेलचं ऑक्टेन फारच कमी. म्हणून त्या इंजिनाचं कॉम्प्रेशनही बनवणाऱ्याने कमीच ठेवलेलं. त्या इंजिनात आजचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल ओतलं असतं, तर केळीला एक बादली तरी पाणी जास्त पडलं असतं का? नाही. इंजिन आणि इंधन जोडीने ठरतात. एकट्या इंधनाला चांगलं-वाईट म्हणण्यात अर्थ नाही.

मग आपल्या गाड्यांची जोडी कोणाशी जमते? जुनी बुलेट साडेपाच-सहास एक. तिला कसलंही पेट्रोल चालायचं. आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या, कॉम्प्रेशन दहास एकच्या आतबाहेर. त्या इथल्या साध्या पेट्रोलवर चालण्यासाठीच बनवलेल्या आहेत. यामाहाची आर-१५ साडेअकराच्या वर जाते. केटीएम ३९० साडेबाराच्या आसपास. ‘बी’ विंगमधली केटीएम सकाळी सुरू झाली की सगळ्या सोसायटीला कळतं. तिच्या मालकाने चांगलं पेट्रोल घातलं तर मी त्याला हसणार नाही. पण त्यालाही माझं सांगणं एवढंच, की गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघड. त्यात कंपनीने कमीत कमी किती ऑक्टेन हवं ते लिहिलेलं असतं. तेवढं मिळालं की पुरे. त्याच्यावरचे पैसे म्हणजे आठ नंबर पाय असताना दहा नंबरचा बूट घेण्यासारखं.

कोणी म्हणेल, काका, परदेशी गाड्या महाग पेट्रोलवर जास्त पळतात असं ऐकलंय. खरं आहे, पण त्या गाड्यांच्या इंजिनावर नॉकिंग ऐकणारा एक सेन्सर असतो. चांगलं पेट्रोल मिळालं की त्यांचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी आधी टाकतो आणि फायदा घेतो. आपल्या रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटरसायकलींत तो सेन्सरच नाही. त्यांना कळणारच नाही की मालकाने आज आठ रुपये जास्त दिले.

आता थोडा इतिहास, कारण ऑक्टेन वाढवण्याच्या नादात माणसाने एक मोठं पाप केलेलं आहे. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली नावाच्या संशोधकाने शोधलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडंसं घातलं की नॉकिंग थांबतं. स्वस्तात ऑक्टेन मिळालं. मग जगभर गाड्यांच्या धुरातून शिसं बाहेर पडत राहिलं. शिसं मेंदूला विषारी, मुलांना तर फारच. भारतात शिसंमिश्रित पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० रोजी. म्हणजे ज्या वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली, त्याच वर्षी. या इमारतीत जन्मलेली मुलं बिनशिशाच्या धुरात वाढली. पाणी, लिफ्ट, गळती यांवर आपण पंचवीस वर्षं भांडलो, पण ही एक चांगली गोष्ट न मागता मिळाली, तीही आज नोंदवून ठेवू या.

शिसं गेल्यावर रिफायनऱ्यांनी दुसऱ्या मार्गांनी ऑक्टेन वाढवलं. पूर्वी आपल्याकडचं साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं. नंतर ते ९१ झालं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. आणि आता त्यात इथेनॉल आलं आहे. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य देशाने गाठलं. त्यालाच ई-२० म्हणतात.

इथेनॉलबद्दल खाली कट्ट्यावर मी बरंच ऐकतो. दोन्ही बाजू सांगतो. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर आहे. त्यामुळे ते मिसळल्यावर साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन वाढतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशात म्हटलं आहे, की बीएस-६ पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर ते ९५ ऑक्टेनपर्यंत गेलं आहे. आता तुम्हीच विचार करा. ज्या ९५ आकड्यासाठी आपण आठ रुपये जास्त मोजत होतो, तो आकडा जवळपास साध्या नळीतूनच येऊ लागला!

दुसरी बाजू. एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. नीती आयोगाने २०२१ मध्ये जो आराखडा काढला, त्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. आपण समुद्राजवळ राहतो. अर्नाळ्याचं वारं लोखंडाला काय करतं ते प्रत्येकाच्या खिडकीच्या ग्रिलवर दिसतं. पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी राहिली, झाकणाचं रबर सुकलेलं असलं, तर टाकीत पाणी शिरून तळाला साचतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांनी रबरी नळ्या बदलून घ्या, झाकणाचं रबर बघा, गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा. पण हा त्रास महाग पेट्रोलने जाईल असं समजू नका. ९५ लिहिलं म्हणजे त्यात इथेनॉल नाही, असा अर्थ होत नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचंही पेट्रोल आणलं, पण त्याचा लिटरचा भाव दीडशेच्या पुढे. ते घालून बोळिंजच्या बाजारात कोथिंबीर आणायला जाणं मला तरी परवडणार नाही.

मग महाग पेट्रोलमध्ये काहीच चांगलं नाही का? आहे. त्यात इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर बसणारी काजळी साफ ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात. ती खोटी नाहीत. पण ज्याने एअर फिल्टर दोन वर्षं उघडला नाही, इंजिन ऑइल काळं डांबर होईपर्यंत बदललं नाही, त्याने महाग पेट्रोल घालून इंजिन निगुतीने ठेवल्याचं समाधान मानू नये. पोटात दुखत असताना दात घासल्यासारखं आहे ते.

आणि खरंच नॉकिंग होत असेल तर? विरारच्या रेल्वेपुलावर मागे बायको, पुढे गॅसचा सिलिंडर आणि गाडी टॉप गिअरमध्ये. मग टकटक येणारच! आधी गिअर खाली घ्या. तरीही आवाज येत राहिला तर मेकॅनिकला दाखवा. प्लग, काजळी, टायमिंग, तापणारं इंजिन, यांतलं काहीतरी असेल.

आता हिशोब. महिलावर्ग हसतोय, पण हिशोब त्यांनाच जास्त समजेल. साधं पेट्रोल १०४ रुपये आणि महाग ११२ धरा. म्हणजे पावणेआठ टक्के जास्त. साठच्या ॲव्हरेजच्या गाडीने नुसते पैसे वसूल करायचे म्हटले, तरी साडेचौसष्ट दिलं पाहिजे. देते का? ज्याला शंका आहे त्याने करून बघावं. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा. पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसलं ते लिहा, भागाकार करा. साध्यावर तीन टाक्या, महागावर तीन टाक्या, रस्ता तोच. मी केलं आहे. माझ्या वहीत जो फरक आला, तो मी टाकी भरताना केलेल्या चुकीपेक्षा कमी होता.

आपल्यापैकी जो नंदाखालहून विरार स्टेशनला गाडी लावून लोकल धरतो, त्याचं रोजचं दहा किलोमीटर. महिन्याला साडेचार लिटरही लागत नाही. महाग घातलं तर पस्तीसेक रुपये जास्त. दोन वडापाव. त्यासाठी मी इथे माईक धरला नसता.

पण आपल्या सोसायटीत एक मुलगा आहे. त्याला विचारून, त्याच्या परवानगीनेच सांगतोय. नाव सांगत नाही, जाणणारे जाणतात. तो मोटरसायकलवर पार्सल पोहोचवतो. दिवसाला एकशेवीस किलोमीटर तरी होतात. म्हणजे दोन लिटर. दोन लिटरवर सोळा रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस, चारशे सोळा. वर्षाचे चार हजार नऊशे ब्याण्णव. पाच हजारच म्हणा.

दीड वर्षापूर्वी हा मुलगा मला जिन्यात भेटला. म्हणाला, “काका, तुम्ही पेट्रोलमध्येच होतात ना? ते महागवालं घातलं तर इंजिन टिकतं का? माझी रोजीरोटी आहे त्या गाडीवर.” माझ्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या, गुडघा दुखत होता. मी म्हटलं, “हो, चांगलंच असतं ते. घाल की.” आणि वर चढलो.

ज्या माणसाने आयुष्यभर हाच आकडा मोजला, त्याने एका वाक्यात उत्तर दिलं आणि ते चुकीचं दिलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून त्या दिवसापासून महाग पेट्रोल घालायला सुरुवात केली.

या जुलैमध्ये आगाशीच्या बाजूने येताना पावसात वळणावर त्याची गाडी घसरली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे घरी. तुम्ही सर्वांनी डबे पोहोचवले, तेही मी पाहिलं आहे. मी त्याला भेटायला गेलो आणि उतरताना खाली लावलेली गाडी बघितली. मागच्या टायरला खाच राहिलीच नव्हती. माझ्या डोक्यासारखं टक्कल झालेलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, “काका, टायर पुढच्या महिन्यात घेणार होतो. पैसे जुळत नव्हते.”

मी घरी येऊन कागदावर मांडलं. मागचा टायर दीड-दोन हजार. ब्रेक शू तीनशे. चेन-स्प्रॉकेट हजार-बाराशे. दोन वेळचं ऑइल आठशे. बेरीज पाच हजारांच्या आतच येते. त्याच्याकडे पैसे होते. ते रोज सोळा-सोळा रुपयांनी टाकीत जात होते आणि ते मी घालायला लावले होते.

आता कोणी म्हणेल, टायर नवा असता तरी पडला असता. असेलही. पाऊस होता, चिखल होता, अंधार पडत आला होता. टायरमुळेच पडला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्याने मला प्रश्न विचारला तेव्हा मी दोन मिनिटं थांबून खरं उत्तर द्यायला हवं होतं, हे शपथेवर सांगतो. त्याची माफी मी त्याच्या घरी जाऊन मागितली. तो म्हणाला, “काका, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं.” त्याचा मोठेपणा.

तर मित्रांनो, ज्याचं मी उत्तर द्यायला हवं होतं ते आज माईकवर देतो. साधं पेट्रोल घाल. गाडीच्या पुस्तकात जेवढं ऑक्टेन लिहिलं आहे तेवढं मिळालं की इंजिनाचं देणं फिटलं. उरलेले सोळा रुपये रोज एका डब्यात टाक. त्या डब्यातून आधी टायर, मग ब्रेक, मग ऑइल, मग चेन. इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलून घरी आणता येते. ब्रेक लागला नाही तर माणूस घरी येईलच असं नाही.

सेक्रेटरींना एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या जमाखर्चात थोडे पैसे उरणार आहेत, असं खजिनदार परवा बोलून गेले. त्यांनी ते बोलायला नको होतं. त्या पैशांतून हवा भरायचा एक पंप आणि हवा मोजायचा गेज घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. आणि जूनच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर आणि कोणाची पूजा-आरती असेल तर ती आटोपल्यावर, सगळ्यांनी दुचाक्या खाली ओळीने लावाव्यात. मी खुर्ची टाकून बसेन. एकेक टायर बघू, ब्रेक दाबून बघू. ज्याचा टायर गेला असेल त्याला सगळ्यांसमोर सांगू, म्हणजे तो लाजेने तरी बदलेल. गुडघे दुखतात, वाकायला मुलं लागतील. मागे भिंतीला टेकून उभे आहेत त्यांची नावं मी आत्ताच लिहून घेतो.

आणि पुढच्या वेळी जिन्यात मला कोणी काही विचारलं, तर आधी माझ्या हातातल्या पिशव्या घ्या. मग मी नीट उत्तर देईन.